वर्षावासात सोडलेली गोळी

यशूच्या सर्दीच्या औषधाची बाटली महामायानं खिडकीच्या उजेडात धरली, तिरकी केली, पुन्हा सरळ केली. औषध निम्म्यावर आलं होतं.

यशू नऊ महिन्यांची. तिला औषध द्यायचं तर महामाया आधी चमचा उकळून घ्यायची, मापाच्या रेघेशी डोळे नेऊन ओतायची आणि दिल्यावर पोरीचा श्वास बघत बसून राहायची. बी.एस्सी. झालेली बाई. खोक्यातला बारीक अक्षरांचा कागदसुद्धा वाचून काढायची, आणि वाचून झाल्यावर आणखीच घाबरायची. पण यशूची सर्दी केव्हाच बरी झाली होती, आणि तेव्हापासून तिनं बाटलीला हातही लावला नव्हता. मग औषध गेलं कुठं?

घरात मोठी माणसं तीनच. नवरा प्रेमानंद मलकापूरला एका कृषी केंद्रात कामाला. सकाळी मोटरसायकलवर जायचा तो दिवेलागणीला यायचा. उरली सासू, भिमाबाई. आणि रोज संध्याकाळी महामाया धामणगाव बढेच्या विहारात ग्रंथ वाचायला जायची, तेव्हा यशू सासूच्याच मांडीवर असायची. परत यावं तर पोरगी गाढ झोपलेली. आधी महामायाला त्याचं बरं वाटायचं. आज तेच गाढ झोपणं आठवून तिनं बाटली पुन्हा उजेडात धरली.

भिमाबाई ओसरीवर बरबटीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. महामाया बाटली घेऊनच बाहेर आली. कसं विचारावं याची तिनं आत तीनदा जुळवाजुळव केली होती. प्रत्यक्षात एका दमात बोलून गेली.

"आई, मी विहारात गेल्यावर तुम्ही यशूला हे औषध पाजता का?"

"मी काऊन पाजू? बिमार हाय का पोट्टी?"

"मग बाटली अर्धी कशी झाली?"

भिमाबाईंनी शेंग हातातच धरली. दाणे ताटात पडायच्या ऐवजी ताटाच्या काठावर टक्क टक्क आपटून खाली सांडले.

"म्या पेली," त्या म्हणाल्या.

"काय?"

"म्या पेली, माय. झोपायच्या आधी दोन-दोन झाकणं. लेकराचं औषध हाय, नरम असते, म्हटलं त्यानं काय होते? झोपच येत नाही तं काय करू?"

महामायाला आधी हायसं वाटलं, खोटं कशाला सांगायचं. पोरीला काही झालेलं नव्हतं. मग तिनं सासूकडे नीट पाहिलं, आणि ते हायसं वाटणं तिथंच विरून गेलं. भिमाबाईंच्या कपाळावर, नाकाच्या शेंड्यावर घाम होता. हवा गार होती, तरी.

झोप न येण्याचं कारण घरात सगळ्यांना ठाऊक होतं, आणि त्याचं सगळ्यांना कौतुकच होतं. काही वर्षांपूर्वी सासरे पंजाबराव गेले, तेव्हा भिमाबाईंची छाती धडधडायची, रात्र रात्र डोळ्याला डोळा लागायचा नाही. कुण्या डॉक्टरनं थोड्या दिवसांसाठी झोपेची गोळी लिहून दिली. दिवस संपले, गोळी संपली नाही. दुकानातून जुनी पट्टी दाखवून नवी आणायची, एवढंच काय ते उरलं. घरात मीठ असतं तशी ती गोळी घरात असायची.

यंदा आषाढी पौर्णिमेला वर्षावास, म्हणजे पावसाळ्यातला तीन महिन्यांचा व्रताचा काळ, सुरू झाला. बायका पांढऱ्या साड्या नेसून विहारात गेल्या, भंतेजींनी पंचशील दिलं. पाचवं शील नशेचं. कुणी म्हणालं तंबाखू सोडते, कुणी म्हणालं मिश्री. भिमाबाई उठून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "मी झोपेची गोळी सोडतो. तिच्याबिगर झोप येत नाही, म्हंजे नशाच झाली ना?" भंतेजी 'साधू, साधू' म्हणाले. ते आलेले दुसऱ्या गावचे. ही गोळी किती वर्षांची हे त्यांना कुठून ठाऊक असणार! बायकांनी टाळ्या वाजवल्या. प्रेमानंदनं ते मोबाईलवर घेतलं आणि पाहुण्यारावळ्यांना पाठवून दिलं. त्याच दिवशी पट्टी नाल्यात गेली.

आणि का जाऊ नये? पंजाबरावांनी तरुणपणी दारू अशीच एका दिवसात सोडली होती. सोडली ती सोडली, पुन्हा शिवले नाहीत. विहारात अजून त्यांचं नाव निघतं. ज्याला ते जमलं त्या माणसाच्या बायकोला एवढीशी गोळी सोडता येऊ नये?

"आणखी काय काय घेता तुम्ही, आई?" महामायानं खाली बसून विचारलं. "मी रागावत नाही. खरं सांगा."

"शेजारच्या जनकानं सर्दीची गोळी देल्ली. पिवळी हाय. तिनं गुंगी येते म्हणे, पण नशा नाही." भिमाबाईंनी कमरेची पिशवी उघडली. आत पिवळ्या गोळ्या होत्या, आणि त्यांच्यासोबत लाल-हिरवी कॅप्सूल. "अन् हे कंबरेची. आंग लय ठणकते आताशा, म्हून जनकानंच देल्ली. तिच्या मालकाची हाय."

"हे सगळं एकदम घेता?"

"एकदम कशाले? कवा हे, कवा थे. जेनं झोप येईन थे."

संध्याकाळी प्रेमानंद आला तसा महामायानं त्याला हे सगळं सांगितलं. तो पाय धुता धुता हसला.

"तुह्यं बी काही तरीच असते. आईनं एवढी मोठी गोष्ट केली. दोन-चार दिवस तरास होईनच ना."

"अहो, मी वाचलं. वर्षानुवर्षं घेतलेली झोपेची गोळी एकदम बंद करायची नसते. फिट येऊ शकते."

"कोठी वाचलं?"

"मोबाईलवर."

"मोबाईलवर तं शिंक आली तरी कॅन्सर सांगते. चाल, भूक लागली."

महामायानं ताट वाढलं. काळजी करण्याच्या बाबतीत आपली घरात काही पत राहिलेली नाही, हे तिला कळत होतं. यशूला पहिला दात आला तेव्हा तिनं ताप समजून डॉक्टर गाठला होता, आणि ती गोष्ट अजून पंगतीत सांगितली जायची. रोज आग लागल्याची हाक मारणाऱ्या बाईकडे खऱ्या आगीच्या दिवशी कोण पाहतं? पण डोळ्यांना दिसत होतं ते कसं नाकारायचं? सासूच्या हातात चहाची बशी किणकिणत होती. दाराची कडी वाजली तरी त्या दचकत होत्या. दुपारी त्यांनी भिंतीकडे बोट दाखवून विचारलं होतं, "एवढ्या मुंग्या कोठून आल्या वं?" भिंत पांढरीस्वच्छ होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी महामायानं वरणाचा कुकर चढवला. यशू आजीच्या मांडीवर बसून तिच्या गळ्यातल्या मण्यांच्या माळेशी खेळत होती. पहिली शिट्टी झाली आणि भिमाबाईंचं अख्खं अंग उडालं. असं उडालं, जणू विजेच्या तारेला हात लागला. यशू मांडीवरून घसरली. भिमाबाईंनी तिला दंडाला धरून सावरलं, तेवढ्यात उजवा हात पुन्हा एकदा आपोआप झटकला गेला. पोरगी रडली नाही. तिला तो खेळच वाटला. महामाया स्वयंपाकघराच्या दारातून धावत आली.

भिमाबाईंनी नातीला दोन्ही हातांनी पुढे केलं.

"घे," त्या म्हणाल्या. आवाज अगदी शांत होता. "तुही लेक घे. माह्या हाताचा मले भरोसा नाही राह्यला."

महामायानं पोरीला घेतलं, गॅस बंद केला आणि प्रेमानंदला हाक मारली. तो दाढी अर्धी टाकून बाहेर आला. आईचा चेहरा पाहिला आणि या खेपेला हसला नाही. कृषी केंद्रात फोन करून सुट्टी सांगितली, आणि यशूला घेऊन तो घरी थांबला.

सासू-सुना एसटीनं बुलढाण्याला निघाल्या. मोताळा गेलं, राजूरचा घाट लागला. एरवी घाटात भिमाबाई खिडकीतून हिरवं पाहत बसायच्या. आज त्यांनी डोळे मिटून पुढच्या सीटची दांडी घट्ट धरली होती. वळणावळणाला महामाया त्यांच्याकडे पाहत होती. घाटात काही झालं तर काय करायचं, कुणाला थांबवायचं, कसं आडवं करायचं, याची तिची मनातल्या मनात तालीम चालली होती.

डॉक्टरीणबाई मानसोपचाराच्या होत्या, वयानं महामायापेक्षा थोड्याच मोठ्या. त्यांनी आधी भिमाबाईंचे हात पुढे करायला लावले, नाडी पाहिली, बीपी पाहिलं. मग पिशवीतल्या गोळ्या टेबलावर मांडल्या. नातवंडाच्या औषधाची बाटलीही महामायानं सोबत आणली होती.

"आजी, हे सगळं झोपेच्या गोळीच्या जागी घेत होता?"

"हाव. हे नशेचे नाही ना."

"त्याच जागेची तर गडबड आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तुमच्या डोक्याला इतकी वर्षं त्या एका गोळीची सवय. ती एकदम काढून घेतली की डोकं आतून बेभान होतं. हात कापतो, घाम येतो, नसलेलं दिसतं, आणि पुढे फिटसुद्धा येते. सर्दीच्या गोळीनं गुंगी येते, पण ती रिकामी जागा भरत नाही. वरून पेंग, आत तसाच गोंधळ. शिवाय नातीचं हे औषध आणि ही पिवळी गोळी, दोन्ही एकाच जातीची. दोन्ही मिळून तुमच्या वयाच्या माणसाला आणखी भ्रम होतो, लघवी अडते. आणि ही." त्यांनी लाल-हिरवी कॅप्सूल बोटानं बाजूला सरकवली. "ही अशा वेळी फिट जवळ आणते. ही कुणी दिली?"

"शेजारीन हाय, तिच्या मालकाची गोळी देल्ली. चांगल्या मनाची हाय."

"मन चांगलंच असेल. कॅप्सूल तिच्या नवऱ्याची आहे."

महामायाला विचारायचं होतंच. "मॅडम, मग दुसरी एखादी साधी गोळी..."

"नाही. आता बदलाबदली नको. जी घेत होत्या तीच पुन्हा सुरू करायची, आजच, आणि मग थोडी थोडी उतरवायची. मी सांगेन तशी. घाई नाही, महिने लागू द्या. मध्ये त्रास झाला तर मला फोन करायचा, शेजारी विचारायचं नाही. आणि अंगाला झटके आले, फिट आली, भ्रम वाढला तर फोनची वाट न बघता सरळ दवाखाना गाठायचा."

"आमच्या मालकानं दारू एका दिवसात सोडली होती," भिमाबाई म्हणाल्या.

"नशीब चांगलं होतं त्यांचं, आजी. दारूसुद्धा अशी एकदम सोडताना माणसं दगावतात."

भिमाबाईंनी मान डोलावली. दवाखान्याबाहेर महामायानं नवी पट्टी घेतली, पाण्याची बाटली उघडून पुढे केली. "घ्या ना, आई. मॅडम म्हणाल्या आजच."

"घरी घेतो."

घरी पोचल्या. भिमाबाईंनी हातपाय धुतले, यशूकडे लांबूनच पाहिलं आणि खाटेवर बसल्या. पट्टी उशाशी तशीच. महामाया पाण्याचा पेला घेऊन तीनदा जाऊन आली.

"आई."

"ऐक," भिमाबाई म्हणाल्या. "डॉक्टरीन खरी बोलते, मले समजते. मी अडानी असंन, येडी नाही. पण साऱ्याईसमोर उभी राहून सोडली म्या. भंतेजीईसमोर. आता घरात बसून घेऊ, अन् उद्या विहारात जाऊन सोडली म्हणून बसू? मंग खोटं नाही बोलायचं शील कोठी गेलं? एक सांभाळाले दुसरं तोडू?"

महामायानं पेला उशाशी ठेवला. ती स्वयंपाकघरात आली. मागोमाग प्रेमानंद आला, आवाज खाली करून म्हणाला, "चहात टाकून दे. बारीक करून. तिले काय समजते?"

"नाही," महामाया म्हणाली.

"अवं, तिच्याच भल्यासाठी..."

"अहो, न सांगता घेतलेल्या गोळ्यांनीच तर इथवर आणलं. आता मी पण न सांगता देऊ? आणि उद्या कमी करायची कशी? त्यांना कळल्याशिवाय त्या मला सांगतील का, आज हात कापला म्हणून?"

तिला स्वतःच्या आवाजाचं नवल वाटलं. प्रेमानंद तिच्याकडे पाहत राहिला आणि यशूला कडेवर घेऊन बाहेर गेला.

विहारात वाचनाची वेळ झाली. महामाया उठली नाही. सासूच्या खाटेजवळ पाट घेऊन बसून राहिली, पदराच्या टोकाशी चाळा करत. भिमाबाईंचा पाय खाटेवर आपोआप हलत होता. "जाय ना," त्या एकदा म्हणाल्या. महामाया म्हणाली, "तुम्ही घेतल्याशिवाय मी कुठं जाणार नाही."

अंधार पडायच्या आतच दारात चपलांचा आवाज झाला. जनकाबाई पुढे, मागे आणखी चार-पाच बायका, आणि सगळ्यांच्या मागे शाळेत खिचडी शिजवणारी सिंधूताई.

"काय वं महामाया," जनकाबाईंनी दारातूनच सुरुवात केली, "ग्रंथ उघडून ठेवला, मेणबत्त्या लावल्या, अन् वाचनारीचा पत्ता नाही! आम्ही काय एकमेकीचे तोंडं वाचावं?"

महामाया उभी राहिली. काही तरी सांगून वेळ मारून नेता आली असती. यशूला बरं नाही म्हटलं असतं तर गावात कुणीही विश्वास ठेवला असता. तिनं तोंड उघडलं, पण त्याआधी मागून आवाज आला.

"जनका, बस. बसा वं साऱ्या."

बायका बसल्या. भिमाबाईंनी खाटेवरून पाय खाली सोडले.

"पौर्णिमेले म्या गोळी सोडली, तुम्ही टाळ्या वाजवल्या. माह्याच्यानं एकदम सुटली नाही. सुटली नाही म्हंजे, म्या तिच्या जाग्यावर दहा औषधं खाल्ली. लेकराचं औषध पेली. आज सकाळी पोट्टी हातातून पडता पडता राह्यली. डॉक्टरीन म्हणे, अशी एकदम सोडाची नसते अन् तिच्या जाग्यावर दुसरं काही घ्याचं नसते. हळूहळू उतरवाची. म्हून मी आता घेऊन राह्यली. तुमच्यासमोर सोडली, तुमच्यासमोर घेतो."

त्यांनी पट्टीतून गोळी काढली. बोटं कापत होती, दोनदा निसटली. महामाया पुढे झाली नाही. पेला तेवढा धरून उभी राहिली. भिमाबाईंनी गोळी जिभेवर ठेवली, पाणी प्यायल्या आणि पेला परत दिला.

जनकाबाईंचा चेहरा उतरला होता. "पण मावशी, म्या देल्ली थे तं साधी सर्दीची होती. माह्या नातवाले बी देतो आम्ही."

"तुह्या नातवाले सर्दी होती. मले सर्दी नव्हती."

एकजण फिसकन हसली. जनकाबाई आधी रागावल्या, मग त्यांनाही हसू आलं. "मंग आता टाळ्या वाजवाच्या का नाही, तेवढं सांगा."

"पुरी सुटली म्हंजे वाजवजो. अजून लय दिवस हायेत."

"भंतेजी काय म्हनतीन?"

"मी सांगन त्याईले. तुह्या तोंडून समजाले नाही पाहिजे."

बायका उठल्या. महामाया उद्या नक्की येईल असं ठरलं, दारात चपला शोधायची गर्दी झाली. सिंधूताई तेवढी भिंतीला टेकून बसून होती. तिनं पदर तोंडाशी धरला होता.

"काय वं सिंधू? बरं नाही का?" भिमाबाईंनी विचारलं.

"मावशी," सिंधूताई म्हणाली, "म्या बी सोडली."

"काय सोडली?"

"गोळी. मालक गेले तवापासून चालू होती. कोनाले सांगतली नव्हती, लाज वाटे. तुमचं पाह्यलं अन् म्हटलं, मावशी एवढ्या म्हाताऱ्या असून सोडते, मंग मी काऊन नाही? परवापासून घेतली नाही."

दारातल्या बायका मागे वळल्या.

"अन् तिच्या जाग्यावर?" भिमाबाईंनी विचारलं.

सिंधूताईनं जनकाबाईंकडे पाहिलं. जनकाबाई एक चप्पल पायात, एक हातात अशा उभ्या होत्या. "म्या काय जानो, बाप्पा," त्या अगदी बारीक आवाजात म्हणाल्या. "थकवा हाय म्हणे, आंग दुखते म्हणे. म्या देल्ली."

"कंबरेची?"

"हाव."

भिमाबाई खाटेवरून उतरल्या, भिंतीचा आधार घेत सिंधूताईपाशी गेल्या आणि तिच्या शेजारी जमिनीवर बसल्या.

"महामाया," त्या म्हणाल्या, "त्या डॉक्टरीनले फोन लाव."

महामायानं फोन घेतला. पलीकडे बराच वेळ रिंग वाजत राहिली. मग आवाज आला.

"मॅडम, मी धामणगाव बढेहून बोलते, सकाळी आलो होतो आम्ही... नाही नाही, आई ठीक आहेत. घेतली त्यांनी गोळी, सगळ्यांसमोर घेतली." तिनं वळून पाहिलं. दारातल्या सगळ्या बायका आत येऊन पुन्हा बसल्या होत्या, आणि जनकाबाई सिंधूताईला पाणी देत होत्या. "मॅडम, आमच्याकडे आणखी एक बाई आहेत."